दही-फळांचा नाष्टा: बेळगावात नव्याने खोली करून राहणाऱ्यांसाठी

बेळगावात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलामुलींची पहिली तक्रार सकाळच्या खाण्याची असते. मेसचा डबा दुपारी येतो. हॉटेलातलं उप्पीट किंवा पुरी-भाजी आठवड्यातून एखाद्या दिवशी छान वाटते, पण रोज खाल्ली तर पोटालाही जड आणि खिशालाही. मग चहा-बिस्किटावर अकरा वाजेपर्यंत कसंबसं काढायचं आणि पुढे वर्गात पेंगायचं, असं सुरू होतं. मी एका शेगडीच्या खोलीत राहूनच हा नाष्टा बसवला. आता खानापूर, निपाणी, चंदगडकडून नवीन कुणी आलं की त्यांना सगळ्यात आधी हाच शिकवते.

सकाळी हा नाष्टा पाच मिनिटांत होतो, कारण त्याचं खरं काम आदल्या रात्री झालेलं असतं. रात्री दही नीट विरजलं आणि बाजारात त्या-त्या दिवसांत येणारं फळ आणून ठेवलं, की सकाळी फक्त चिरायचं आणि वाटी भरायची. दही आपल्याला नवं नाही. उन्हाळ्यात दहीबुत्तीवर, म्हणजे दहीभातावर, दुपार काढणारी माणसं आपण. तेच दही सकाळी फळासोबत घ्यायचं, एवढाच बदल आहे.

लागणारं सामान

एका माणसासाठी:
- दूध पाव लिटर (अर्ध्या लिटरची पिशवी घेतली तर उरलेलं चहाला)
- विरजण अर्धा चहाचा चमचा
- हंगामी फळ, चिरून साधारण एक वाटी
- भाजलेले शेंगदाणे किंवा काजू, एक लहान मूठ
- ज्वारीच्या लाह्या किंवा भाजलेले पातळ पोहे, अर्धी वाटी
- भाजून भरड कुटलेलं जवस, एक चमचा
- काकवी किंवा किसलेला गूळ, लागला तरच

भांडी: दूध तापवायचं पातेलं, दही लावायला मातीचं किंवा स्टीलचं झाकणाचं भांडं, सुरी, पातळ सुती फडकं आणि घट्ट झाकणाचा डबा. फ्रिज असला तर सोय होते, नसला तरी अडत नाही.

१. दूध कोणतं घ्यायचं

गल्लीत गवळ्याचा रतीब लावता येत असेल तर म्हशीचं दूध घ्या. त्याचं दही घट्ट लागतं. पिशवीचं घेणार असाल तर पिशवीवरचे आकडे वाचा. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के असतं, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि फुल क्रीममध्ये ६. रोजच्या नाष्ट्याला टोन्ड पुरतं, दही थोडं सैल लागेल इतकंच. नंदिनी या कर्नाटकातल्या दुधाच्या पिशवीवर कन्नड आणि इंग्रजी असतं. कन्नड वाचता येत नसेल तर एवढं ध्यानात ठेवा, की दुकानदाराने ‘मोसरू’ म्हणून पिशवी पुढे केली तर ते तयार दही आहे, दूध नव्हे. घाईच्या दिवशी ते घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त साधं घ्या. फळाचा स्वाद घातलेल्या कपांच्या मागची यादी वाचलीत तर दुधाच्या पाठोपाठ बहुधा साखरच दिसेल.

२. रात्री दही लावणं

सगळ्यांचं अडतं ते इथे, म्हणून हे सविस्तर सांगते.

दूध पिशवीचं असलं तरी उकळा, आणि उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवून मधूनमधून ढवळा. पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलं असतं, मग पुन्हा का तापवायचं, असं बरेच जण विचारतात. जास्त वेळ तापवल्याने दुधातल्या एका प्रकारच्या प्रथिनांची घडण बदलते, ती दुसऱ्या प्रथिनांना धरून राहतात आणि दही घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं. कोमट करून थेट विरजण घातलेल्या दुधाचं दही आणि हे दही शेजारी ठेवून चमचा घाला, फरक लगेच दिसतो.

मग दूध निवू द्या. स्वच्छ धुतलेली करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, चटका बसता कामा नये आणि गारही लागता कामा नये. अंशात सांगायचं तर ४० ते ४५ सेल्सिअस. याहून गरम दुधात विरजणातले जिवाणू मरतात. गार दुधात ते सुस्त पडतात आणि सकाळी भांड्यात दूधच सापडतं.

विरजण भांड्याच्या तळाशी बोटाने पसरवा, त्यावर दूध ओता आणि चमच्याने दोन-चार वेळा हलवा. पाव लिटरला अर्धा चमचा पुरे. जास्त विरजण घातलं की दही लवकर लागेल असं वाटतं, पण ते आंबट होतं आणि त्याला पाणी सुटतं. झाकण ठेवा आणि भांडं जागचं हलवू नका.

वेळ हवामानावर ठरते, आणि बेळगावचं हवामान नव्या माणसाला फसवतं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या खाली उतरतो आणि दही लागायला दहा-बारा तास लागतात. त्या दिवसांत संध्याकाळी सात-आठलाच दही लावा, भांडं टॉवेलात गुंडाळा आणि तांदळाच्या डब्यात खोचून ठेवा किंवा गरम पाण्याने विसळलेल्या हॉटपॉटमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट होतं. चार-पाच तासांत दही लागतं, आणि रात्री नवाला लावलेलं सकाळपर्यंत आंबून जातं. फ्रिज असेल तर संध्याकाळी सहाला लावा आणि झोपताना आत ठेवा. नसेल तर झोपायच्या वेळी, अकराच्या सुमाराला लावा. पावसाळा या दोन्हींच्या मधला, सात-आठ तासांचा.

भांडं शक्यतो मातीचं घ्या. माती दह्यातलं थोडं पाणी ओढून घेते, त्यामुळे टोन्ड दुधाचंही दही घट्ट लागतं. वरून पाणी झिरपत राहिल्याने भांडं गार राहतं, दही लवकर आंबत नाही. खानापूरची माती आणि तिथलं कुंभारकाम जुनं आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. घरून येताना एक मोगा, म्हणजे लहान मातीचं भांडं, घेऊन या. नवा मोगा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि मग वापरा. धुताना साबण लावू नका, माती साबण पिते आणि दह्याला वास येतो. गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरे. मग कडक उन्हात वाळवा.

विरजणच मिळालं नाही तर देठासकट दोन हिरव्या मिरच्या धुऊन कोमट दुधात टाका. जे लागेल ते पातळ असेल. ते खायला घेऊ नका, त्यातलं चमचाभर पुढच्या विरजणाला वापरा. दोन-तीन वेळा असं केलं की दही बसतं. पण शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जाणं जास्त सोपं आहे. बेळगावात विरजणाला कुणी नाही म्हणत नाही.

दह्याला तार सुटायला लागली, चमचा उचलल्यावर चिकट धागा आला, तर विरजणात नको ते जिवाणू शिरलेत असं समजा. ते विरजण टाकून द्या, भांडं उकळत्या पाण्याने धुवा आणि नवीन विरजण आणा. गुलाबी किंवा हिरवट डाग दिसला तर चाखूनही बघू नका.

३. चक्का, वेळ असेल तर

दुकानात ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून छोटे महागडे डबे मिळतात, ते मुळात पाणी निथळून घट्ट केलेलं दही. आपल्याकडे श्रीखंडाला चक्का बांधतातच. अर्धा लिटर दुधाचं दही सुती फडक्यात बांधून तीन-चार तास टांगलं की निम्म्याच्या आसपास चक्का उरतो. उन्हाळ्यात टांगण्याऐवजी चाळणीत फडकं घालून, खाली भांडं ठेवून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर आंबतो.

साध्या दह्यात १०० ग्रॅममागे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं असतात. चक्क्यात पाणी कमी झाल्यामुळे ती दुपटीच्या आसपास जातात. तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा चक्का बांधावा असं मी सांगते. निथळलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात भाकरीचं पीठ मळा नाहीतर आमटीत घाला.

४. फळ बाजारात बघून ठरवा

रेसिपीत स्ट्रॉबेरी आणि ब्ल्यूबेरी दिसते म्हणून तेच शोधत फिरू नका. गणपत गल्लीत सकाळी चक्कर मारा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका बुट्ट्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्या बुट्टीत जे ढिगाने आहे तेच त्या आठवड्याचं ताजं आणि स्वस्त फळ. बोलायची अडचण येत नाही, मराठी चालते. एखादी आजी कन्नडमधूनच बोलली तर ‘हण्णु’ म्हणजे फळ आणि ‘बाळेहण्णु’ म्हणजे केळं, एवढ्यावर निभतं.

केळं बारा महिने आहे. लांबलचक पिवळ्या केळ्यापेक्षा जवारी किंवा वेलची केळी घ्या. ती लहान, पातळ सालीची आणि किंचित आंबटसर असतात, दह्यात विरघळून जात नाहीत. एका वाटीला दोन लागतात. सालीवर बारीक काळे ठिपके आलेलं केळं गोड असतं, ते घातलं की गुळाची गरज राहत नाही.

थंडीत पेरू. नव्या माणसाला दही-पेरू ऐकून विचित्र वाटतं, पण मला हीच जोडी सगळ्यात आवडते. कडक पेरू नको. बोटाने दाबल्यावर थोडा दबणारा, वास सुटलेला घ्या. बियांचा मधला भाग चमच्याने काढा, गराच्या बारीक फोडी करा, दह्यात चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि किंचित मीठ घाला. क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा पेरूत कितीतरी जास्त असतं. त्याच दिवसांत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही येते, ती अधूनमधून हौसेला घ्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं. अथणी, विजापूर, तासगाव ही सगळी द्राक्षांची मुलखं आपल्या आजूबाजूलाच आहेत. बिनबियांची घ्या, उभी दोन तुकडे करून घाला. डाळिंबही त्याच बाजूने येतं आणि वर्षातले बरेच महिने मिळतं. दाणे सोलायचा कंटाळा असेल तर रविवारी एकदाच सोलून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवस चांगले राहतात.

एप्रिल ते जून आंबा. कोकणातला हापूस घाटावर चढून येतो, धारवाडकडचाही येतो, नंतर पायरी. आंबा साध्या दह्यात नको, चक्क्यात घाला, साखर अजिबात नको. मे अखेरीला खानापूरच्या जंगलपट्ट्यातली करवंदं आणि जांभळं येतात. जांभळं बिया काढून घाला. करवंदं अर्धी कापून बी काढा, चीक निघून जाईपर्यंत धुवा, मग घाला. हा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा असतो, तो चुकवू नका.

पाऊस संपता संपता सीताफळ. गर काढायला वेळ लागतो, म्हणून ते रविवारच्या सकाळचं फळ.

आता चार फळांबद्दल सावध करते. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. कच्चा अननस दह्यात घालून तासभर ठेवलात तर दही पातळ आणि कडू होतं. किवीचंही तेच. बनवासीकडचा गोड अननस मिळाला तर फोडी तव्यावर पाणी सुटून आटेपर्यंत परता, गार करा, मग घाला. तापल्यावर विकर निकामी होतं. पपईतही असं विकर असतं, कच्चीत जास्त, पूर्ण पिकलेल्या पपईत बरंच कमी. त्यामुळे पिकलेली पपई चालते, पण चिरून लगेच खा, डब्यात भरू नका. कलिंगड दह्यात घालूच नका. पाच मिनिटांत वाटीत पाणीच पाणी होतं.

५. धुणं

फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. द्राक्षांवर फवारणी बरीच असते, ती मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून मग दोनदा धुवा. बऱ्याच खोल्यांत पिंपात साठवलेलं पाणी वापरावं लागतं, तेव्हा शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा. धुतल्यावर फडक्याने पुसा. ओलं फळ दही पातळ करतं.

६. वाटी भरणं

दही फेटू नका. चमच्याने थर कापून वाटीत घ्या, साधारण १५० ग्रॅम म्हणजे मोठी वाटीभर. त्यावर फळ, फळावर जवस आणि शेंगदाणे, आणि सगळ्यात वर, अगदी तोंडात घास घालायच्या आधी, लाह्या. हा क्रम मोडला की लाह्या भिजून चिवट होतात. पावसाळ्यात तर लाह्या डब्यातच सादळतात. तव्यावर एक मिनिट कोरड्या परतल्या की पुन्हा कुरकुरीत होतात.

शेंगदाणे आणि लाह्या ही शोभा नव्हे, ती गाळू नका. नुसतं दही आणि केळं खाऊन बाहेर पडलात तर दहा वाजता पुन्हा भूक लागते. वाटीभर दह्यात पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, मूठभर शेंगदाण्यांनी त्यात आणखी चार-पाच ग्रॅमची भर पडते, आणि शेंगदाण्यातल्या तेलामुळे पोट उशिरा रिकामं होतं. काजू खानापूर-चंदगडकडचे घरून आले असतील तर उत्तम. विकत घ्यायचे तर शेंगदाणेच बरे. शेंगदाणे आणि जवस रविवारी एकदम भाजून ठेवा. जवस तडतडायचं थांबलं की उतरवा, करपलं तर कडू लागतं. आणि ते कुटूनच घाला, अख्खं जवस पचत नाही.

गोडाची सवय असेल तर एक लहान चमचा काकवी. साखरेपेक्षा तिला स्वतःची चव आहे, म्हणून थोडी पुरते. दोन आठवडे रोज थोडी कमी करत जा, तिसऱ्या आठवड्यात फळाचा गोडवा जिभेला पुरतो.

७. डब्यात न्यायचं असेल तर

सकाळी सातची बस किंवा लवकरचं लेक्चर असेल तर डब्यात तळाशी दही किंवा चक्का, वर पेरू, डाळिंब किंवा द्राक्षं भरा. केळं डब्यात चिरू नका, काळं पडतं, अख्खंच न्या. लाह्या-शेंगदाणे वेगळ्या पुडीत. फ्रिजमधून काढलेला डबा थंडीच्या दिवसांत दोन-तीन तास चांगला राहतो, एप्रिल-मेमध्ये तासा-दीड तासात संपवा.

८. घरच्यांच्या शंका

“सकाळी सकाळी दही? सर्दी होईल.” फोनवर आई हे म्हणणारच. फ्रिजमधलं गारढोण दही खाऊ नका, अंघोळीला जाताना बाहेर काढून ठेवा. तेवढ्या वेळात त्याचा गारठा जातो. आयुर्वेद पाळणारी वडीलधारी मंडळी दही आणि फळं एकत्र खाऊ नयेत असं सांगतात. तुमच्या घरी ते पाळत असतील किंवा तुमच्या पोटाला ही जोडी मानवत नसेल, तर वाद घालू नका. सकाळी दही-पोहे किंवा दही-लाह्या खा आणि फळ दोन तासांनी मधल्या सुट्टीत खा. पोटात जातं तेच, फक्त वेळ वेगळी.

दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं त्यांना दही बऱ्याचदा चालतं, कारण विरजताना दुधातली काही साखर जिवाणू वापरून टाकतात. पहिले काही दिवस अर्धी वाटीच घेऊन बघा. मधुमेह असलेल्यांनी आंबा, सीताफळ, द्राक्षं मोजून घ्यावीत आणि काकवी टाळावी. पेरू त्यांना जास्त बरा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळ्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरी वर्षाच्या आतलं बाळ असेल, तुमची वाटी बघून त्यालाही भरवायचा मोह झाला, तर त्याच्या घासात मध घालू नका. त्या वयात मध धोक्याचा असतो.

दह्यात चमचा घालायच्या आधी रात्रीचं विरजण वेगळ्या छोट्या वाटीत काढून झाकून ठेवा. खरकट्या चमच्याचं दही विरजणाला चालत नाही.